पाडव्याच्या आदल्या रात्रीचे पाच गोल

प्रति,
मालक आणि व्यवस्थापन,
मुंबई सिटी फुटबॉल क्लब

विषय : सहावा नंबर, आणि त्यापेक्षा जुनं एक दुखणं

डोंबिवली, १५ एप्रिल २०२५

स. न. वि. वि.

यंदा आमच्या घरी कडुनिंब पाडव्याच्या आदल्या रात्रीच वाटला गेला.

२९ मार्चची रात्र. सकाळी गुढी उभारायची म्हणून काठी धुऊन गॅलरीत उभी करून ठेवलेली. बहीण स्वयंपाकघरात फडक्यातून चक्का काढत होती आणि बाहेरच्या खोलीत मी आणि माझा भाचा इंडियन सुपर लीगच्या प्ले-ऑफसाठी, म्हणजे बंगळूरुविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यासाठी, बंगळूरुच्या कांतीरवा स्टेडियमवर डोळे लावून बसलो होतो. नवव्या मिनिटाला सुरेश वांगजामने पहिला मारला. मध्यंतराच्या तोंडावर एडगर मेंडेझची पेनल्टी. मग रायन विल्यम्स. मग सुनील छेत्री, जो २०१५ मध्ये आपल्याच जर्सीत हॅटट्रिक करून गेला होता. चौथ्या गोलनंतर बहिणीने आतून विचारलं, "झाले किती?" भाचा म्हणाला, "तू साखर घाल गं, इकडचं विचारू नकोस."

पाचवा होर्हे परेरा दियाझचा. हाच माणूस ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, खच्चून भरलेल्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानविरुद्ध आपल्यासाठी बरोबरीचा गोल मारून पळत होता. त्या रात्री आपण ३-१ जिंकलो, लीगचा कप मुंबईला आला, आणि आमच्या सोसायटीत फक्त आमच्याच घरातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून शेजारच्या काकू "काय झालं हो?" म्हणत दारात आल्या होत्या. अकरा महिन्यांत तो पलीकडे गेला आणि आपल्याच जाळ्यात शेवटचा खिळा ठोकून आला. ५-०. प्ले-ऑफ संपली, मोसम संपला.

गंमत म्हणजे याच मैदानावर, याच संघाला आपण अठरा दिवस आधी २-० हरवलं होतं. ११ मार्च. छांगतेचा एक, कारेलिसची पेनल्टी, आणि सहावं स्थान खिशात. तेव्हा अठरा दिवसांत असं काय बिघडलं, हा प्रश्न आमच्या मंडळींपैकी अनेकांनी तुम्हाला विचारला असेल. मी तो विचारत नाही. एखाद्या रात्री पायाला चेंडू लागतच नाही, हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे.

सातवं वर्ष म्हणण्याचं कारण सांगते. मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. वडील मला शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. त्या काळात तिथे मुली अगदी बोटावर मोजण्याइतक्या. आईला ते मुळीच पसंत नव्हतं, पण वडिलांना मुलगा नव्हता आणि सामना एकट्याने बघायची सवय नव्हती. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, या दोन तालमींचा सामना असेल त्या दिवशी अख्खी गल्ली रिकामी. आमचं शिवाजी तरुण मंडळ हरलं की वडील घरी न बोलता जेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो बॅक, ज्याच्या पायातून चेंडू सुटला होता, तो कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर उभा असायचा. वडील त्याला सरळ विचारायचे, "काय रं, झोप लागली व्हती काय?" तो मान खाली घालून हसायचा, काहीतरी कारण सांगायचा. कारण पटायचंच असं नाही. पण सांगायचा.

तर मला हरण्याची सवय आहे. मला सवय नाही ती कुणी काहीच न सांगण्याची.

आता मोसमाबद्दल बोलते. चोवीस सामन्यांत नऊ विजय, नऊ बरोबरी, सहा पराभव. ३६ गुण. तेरा संघांत सहावे. कागदावर हे काही स्मशानात बसण्यासारखं नाही, प्ले-ऑफ तर गाठली, असं कुणीही म्हणेल. पण हा कागद जरा उन्हात धरून बघा. सहापैकी पाच पराभवांत आपण प्रत्येकी तीन गोल खाल्ले. जमशेदपूरला त्यांच्या घरी २-३. मग अंधेरीत पंजाबकडून ०-३, नॉर्थईस्टकडून ०-३, पुन्हा जमशेदपूरकडून ०-३, आणि फेब्रुवारीत गोव्याकडून १-३. सहावा पराभव कोचीतला, ०-१. म्हणजे सहापैकी चार आमच्या डोळ्यांसमोर, आमच्या घरच्या मैदानावर. बाहेरगावी जाऊन कोलकात्यात दोन गोलांची पिछाडी भरून काढणारा, शिलाँगला जाऊन जिंकणारा हाच संघ वीरा देसाई रोडवर आला की पाहुण्यांना ताट वाढून द्यायचा.

आणि गोल. २०२२-२३ मध्ये, डेस बकिंगहॅम कोच असताना, साखळीतल्या वीस सामन्यांत आपण ५४ गोल केले. पुढच्या वर्षी बावीस सामन्यांत ४२. यंदा चोवीस सामन्यांत २९, आणि खाल्ले २८. सामने वाढत गेले, गोल आटत गेले. हे एका वाईट रात्रीत होत नाही. विहिरीचं पाणी असं खाली जातं, वर्षावर्षाने, आणि काठावरच्या माणसाला ते सगळ्यात आधी दिसतं, कारण त्याचा दोर कमी पडायला लागतो.

३० डिसेंबरच्या सामन्यानंतरची गोष्ट. सोमवार. नॉर्थईस्टच्या अलाएद्दीन अजाराईने आपल्या बचावाची पार लक्तरं केली होती. आझाद नगरहून घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत आमच्यासारखे आकाशी स्कार्फवाले दहा-बाराजण होते. एरवी जिंकल्यावर डब्यात गाणी चालतात. त्या दिवशी परिसंवाद चालला होता. एक गृहस्थ, पन्नाशीचे, ऑफिसची बॅग मांडीवर, म्हणाले, "कोच बदला, दुसरं काही नाही." कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "काका, कोचने काय स्वतः खेळायचं का? मिडफिल्डमध्ये माणूसच नाहीये." तिसरा म्हणाला पैशाचा नळ बंद झालाय. चौथी एक मुलगी, ड्रम वाजवून तिचे तळवे लाल झाले होते, तिने कुणाचंच खोडून न काढता एवढंच विचारलं, "मागच्या वर्षीच्या फायनलमधले किती उरलेत, मोजा ना." आम्ही मोजायला लागलो. साकीनाका येईपर्यंत सगळे गप्प.

मीही मोजते, तुमच्यासमोर. अपुइया, मधल्या फळीचा कणा, मोहन बागानला. अल्बर्टो नोगुएरा, बंगळूरुला. परेरा दियाझ, बंगळूरुला. राहुल भेके, बंगळूरुला. ग्रेग स्टुअर्ट तर फायनलच्या आधीच मोसम अर्धा टाकून गेला होता. तो फिरून यंदा कोलकात्यात उतरला. परवा, १२ एप्रिलला, मोहन बागानने साखळीत पहिलं येण्याच्या शिल्डपाठोपाठ अंतिम सामन्याचा कपही उचलला. समोर बंगळूरु. म्हणजे यंदाच्या अंतिम सामन्याला दोन्ही बाजूंना आपले माहेरवाशी होते. माझा भाचा म्हणाला, "मावशी, फायनल आपणच खेळतोय, फक्त दोन वेगवेगळ्या टीममधून."

हसले मी तेव्हा. पण भेकेच्या नावाशी मी थांबते, तुम्हीही थांबा.

राहुल भेके मुंबईत जन्मलेला. या शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघाचा कर्णधार, आणि आडनाव असं की शाळेच्या हजेरीपटावर आमच्या शेजारी लागावं. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब आपण ठरलो, तो विजयी गोल याच्या डोक्याचा. ४ मे २०२४ ला कप उंचावणारे हात याचे. असा माणूस दुसरीकडे जातो, तेव्हा त्याच्या करारात काय होतं, वय किती होतं, कुणी किती देऊ केलं, हे सगळे हिशेब असणार. खेळाडूला चार पैसे जास्त मिळवायचा हक्क आहे, त्याची कारकीर्द काही जन्मभराची नसते. त्याच्याबद्दल माझ्या मनात एका शब्दाचाही राग नाही. पण क्लब म्हणून तुम्ही आम्हाला बसवून कधी सांगाल का, की मुंबईचा कर्णधार मुंबईत राहावा यासाठी काय केलं गेलं? की तो तुमच्या लेखी फक्त एक सेंटर-बॅक होता?

भाच्याच्या जर्सीचं रामायण इथे सांगायलाच हवं. २०२२ साली पहिली जर्सी घेतली, पाठीवर स्टुअर्ट. तो गेला. दुसरी घेतली, त्यावर अपुइया. पोरगा म्हणाला, हा आपल्याकडे दहा वर्षं खेळणार बघ. ४ मे नंतर आनंदाच्या भरात मी स्वतः तिसरी घेऊन दिली आणि स्टेशनजवळच्या छपाईवाल्याकडून भेके छापून आणलं. तो अक्षरामागे पैसे घेतो. भेके परवडलं म्हणून मी खूश होते. काही आठवड्यांत बातमी आली. आता छपाईवाला मला बघितलं की म्हणतो, "ताई, यावेळी कोणाला पाठवताय?"

इथे भाचा वाद घालतो, आणि त्याची बाजू खरी आहे म्हणून मांडते. तो म्हणतो, "हे कोल्हापूर नाहीये मावशी. प्रोफेशनल आहे. प्लेअर येणार, जाणार. लीगची पगाराची मर्यादा असते, सगळ्यांना धरून ठेवता येत नाही. आणि भावनेवर टीम चालत नाही." बरोबर. मग मी त्याला मोहन बागान दाखवते. मनवीर सिंग, लिस्टन कोलासो, शुभाशीष बोस : भारतीय खेळाडूंची ही फळी चार-पाच वर्षं तीच आहे. परदेशी बदलले, कोच बदलले, कणा बदलला नाही. आणि तो शुभाशीष, यंदा शिल्ड उचलणारा त्यांचा कर्णधार, २०२० पर्यंत कुणाकडे होता? आपल्याकडे. पगाराची मर्यादा त्यांनाही आहेच की.

कोच क्राटकींबद्दल दोन ओळी, कारण ज्या त्या चर्चेत त्यांचीच मान पहिली कापली जाते. बकिंगहॅम अर्ध्या मोसमात इंग्लंडला गेले, डिसेंबर २०२३ मध्ये पेट्र क्राटकी आले आणि पाच महिन्यांत कप देऊन बसले. ते रातोरात मूर्ख झाले असं मी मानत नाही. पुढे गेलेल्या संघाला मागे खेचणं आणि बचाव उघडा टाकणं यात त्यांची चूक दिसते, पण ज्या माणसाच्या स्वयंपाकघरातून चार डबे उचलून नेले, त्याला आमटी पातळ का झाली म्हणून एकट्यालाच दटावणं बरं नाही. निकोस कारेलिसने जीव तोडून गोल केले. योएल व्हान निफ, ब्रँडन फर्नांडिस ही काही टाकाऊ माणसं नाहीत. पण बारा महिन्यांत निम्मं घर नवं बांधलं की पहिल्या पावसात गळतंच.

तुम्ही म्हणाल, बाई फारच कडू लिहिते आहे, चांगलं काही आठवत नाही. आठवतं. उलट सगळं आठवतं. नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आनेल्का आणि ल्युंगबर्ग या नावांच्या जोरावर चाललेली पहिली वर्षं आठवतात. २०१६ मध्ये अंधेरीत आलो, फोर्लानच्या संघाने साखळीत पहिला नंबर काढला आणि उपांत्य फेरीत माती खाल्ली, ते आठवतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटी चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे बाकीचा राहिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. मँचेस्टर, न्यूयॉर्क, मेलबर्न यांच्या पंगतीत आपलं पान मांडलं गेलं म्हणून. आणि ग्रुपने शब्दही पाळला. सर्जियो लोबेरा कोच म्हणून आले आणि २०२०-२१ मध्ये शिल्ड आणि कप दोन्ही, शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. २०२३ मध्ये सलग अठरा सामने न हरता पुन्हा शिल्ड. २०२४ मध्ये कप. चार मोसमांत चार करंडक, लीगमध्ये तोवर दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं.

फक्त एक बारीकशी गोष्ट. यातला एकही करंडक अंधेरीत जिंकलेला नाही. पहिले दोन करोनाच्या काळात, गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. २०२३ ची शिल्ड फातोर्ड्याला गोव्याविरुद्ध ५-३ ने पक्की झाली. २०२४ चा कप कोलकात्यात. आम्ही अंधेरीत काय बघितलं, ते वर लिहिलंच आहे.

तरी आम्ही येतो. ६ नोव्हेंबर २०२३ ला तर नव्या मुंबईला गेलो होतो, डी. वाय. पाटीलला, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीच्या अल हिलालसमोर. नेमार बघायला मिळणार म्हणून भाच्याने महिनाभर आधी गणिताच्या वहीवर उलटी मोजणी लावली होती. नेमार महाशय आधीच जायबंदी होऊन बसले. आपण ०-२ हरलो. त्या गटातले सहाच्या सहा सामने हरलो. पण डी. वाय. पाटीलमधून बाहेर पडताना आमच्यापैकी कुणाचाही चेहरा पडलेला नव्हता. तिथे आपण कुणापुढे उभे आहोत आणि का हरतोय, हे कळत होतं. आमची पोरं दमेपर्यंत धावली होती. रात्री परतीच्या बसमध्ये भाचा झोपेत सुद्धा आपल्या गोलकीपरच्या नावाने "लाचेंपा, लाचेंपा" करत होता. ०-२ सुद्धा अभिमानाने घरी आणता येतो, हे तुम्ही कधी स्टँडमध्ये बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते, ते.

या लीगमध्ये आजवर कुणी खाली घसरत नाही. सहावा आलात काय आणि तेरावा आलात काय, पुढच्या वर्षी जागा आहेच. त्यामुळे इंग्लंडमध्ये किंवा स्पेनमध्ये चाहत्याला जी भीती असते, की आपण खालच्या विभागात जाऊ, ती आम्हाला नाही. आमची भीती वेगळी आहे. महाराष्ट्रात क्लब नुसते खाली जात नाहीत. ते नाहीसे होतात.

महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. २०१० मध्ये कंपनीने शटर ओढलं. पुणे एफसी. भारत एफसी, ज्यांनी २०१५ मध्ये उणापुरा एक मोसम बघितला. डीएसके शिवाजियन्स, २०१७. कूपरेजवर गर्दी खेचणारं मुंबई एफसी, त्याच वर्षी. मग २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. त्यांची लीगमधली जागा हैदराबादला गेली. यातला एकही चाहत्यांना विचारून बंद झाला नाही. ज्या शहरात १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला गेला, पन्नासच्या दशकात हैदराबाद पोलिसांचा संघ येऊन ओळीने पाच वर्षं तो घेऊन गेला आणि कूपरेजच्या झाडांवर पोरं चढून बघत होती असं जुनी माणसं सांगतात, त्या शहरात आज वरच्या पातळीवर एकच क्लब उरलाय. तुमचा. म्हणजे, आमचा.

आणि या डिसेंबरमध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपतोय. पुढे काय, यावर जो तो आपापली पोथी वाचतोय. अशा वेळी जेव्हा संघातून एकेक चांगला माणूस जातो, गोल आटतात, आणि वरून कुणी अवाक्षर बोलत नाही, तेव्हा आमच्यासारख्यांना घरातलं सामान हळूहळू हलवलं जातंय असं वाटतं. कदाचित माझा हा संशय खुळा असेल. तसा असेल तर फार बरं. तो खुळा आहे हे सांगायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरेल.

तेवढंच मागते आहे. एक संध्याकाळ. नवीन मोसमाच्या आधी, अंधेरीत, स्टँडमध्येच. जाहिरातीचा कार्यक्रम नको, खेळाडूंबरोबर सेल्फी नको, निवेदक तर मुळीच नको. संघबांधणीचा निर्णय घेणारा माणूस समोर बसावा आणि त्याने सांगावं की तीन वर्षांचा बेत काय आहे, कुणाला कोणत्याही किमतीत जाऊ देणार नाही, आणि जाऊ दिलं तर आम्हाला ते दुसऱ्या क्लबच्या घोषणेतून का कळावं. मराठीत सांगता आलं तर उत्तम. इंग्रजीतून सांगितलंत तरी भाचा मला समजावून सांगेल; पण 'आमची सिटी' असं तुम्ही पोस्टरवर छापता, तेव्हा त्या 'आमची'ची भाषा फक्त पोस्टरपुरती असू नये, एवढं वाटतं.

बिपिन सिंग २०१८ पासून आपल्याकडे आहे. मेहताब आणि लाचेंपा २०२० पासून. छांगते कर्णधार आहे. ही चार नावं मी मुद्दाम लिहून ठेवते, तारखेसह. पुढच्या एप्रिलला मी हे पत्र परत काढून वाचणार आहे.

आणि जमलं तर कधी एखाद्या माणसाला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवून कोल्हापूरला पाठवा. हा सल्ला मी माहेरच्या ओढीने देते आहे हे कबूल, पण अगदीच फुकटचा नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. तो पुढे जमशेदपूरला, हैदराबादला, कोलकात्याला खेळला. कोल्हापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई येते, आणि तरी आमच्या गावच्या पोराला कीर्ती मिळवायला आख्खा देश ओलांडावा लागतो. शाहू स्टेडियमवर आजही तालमींच्या सामन्याला जी गर्दी होते, ती बघून तुमच्या माणसाला आधी तोंडात बोट घालावं लागेल, मग वही काढावी लागेल. पेठेतली पोरं उनाड आहेत, रेफ्रीशी भांडतात, हे मी आधीच सांगून ठेवते. चहाच्या गाड्यावर मात्र ती उत्तर देतात.

तुमच्या मोठ्या भावाचंही यंदा बरं नाही हे वाचते आहे. मँचेस्टरमध्येही लोक नाराज आहेत म्हणे. तिथे पत्रांचा पाऊस पडत असेल, त्यात डोंबिवलीचं पत्र कुठे जायचं. म्हणून ते थेट मुंबईच्या पत्त्यावर आणि उघडं पाठवते आहे.

पुढच्या मोसमाची तिकिटं निघाली की आम्ही दोघं घेऊ, ती चिंता करू नका. डोंबिवलीहून घाटकोपर, घाटकोपरहून आझाद नगर, परतताना रात्रीची गर्दी आणि भाच्याचं "मावशी, शेवटची दहा मिनिटं तरी बघू ना". नवीन जर्सीही घ्यावी लागेल, कारण पोराचे खांदे वाढलेत. स्टेशनजवळच्या छपाईवाल्याला मी परवाच सांगून आले की यंदा पुढचं चिन्ह नीट बघून घे, आणि पाठ कोरी ठेव.

कळावे,
अंधेरीच्या स्टँडमधली एक मावशी